फोडणीआधीचा वाटा

घरच्या कुत्र्यासाठी खाऊ करायचा असेल, तर त्याचा वाटा फोडणी पडण्याआधी बाजूला काढावा. मराठी घरात बाजारातून जे सामान येतं, ते बहुतेक कुत्र्याला चालतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, लाल भोपळा, रताळं, गाजर, फरसबी, अंडी, कोंबडी, मासे यांतलं काहीच त्याला परकं नाही. गोष्ट बिघडते ती शेगडीवर. तेल तापतं, कांदा-लसूण परतला जातो, मीठ, तिखट, चिंचेचा कोळ आणि गूळ पडतो, आणि जो पदार्थ दहा मिनिटांपूर्वी त्याच्यासाठी उत्तम होता, तो त्याच्या कामाचा राहत नाही. आपल्याकडे कुत्र्याला पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलं ते मात्र नेमकं उरलेलं अन्न, म्हणजे फोडणीनंतरचं. रश्श्यात कुस्करलेली भाकरी, आमटी-भात, बिर्याणीच्या तळाशी राहिलेला मसालेभात. देणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण खाऊ म्हणून वेगळं काही करायला बसलो, तर त्या मायेला थोड्या माहितीची जोड हवी.

मीठ-मसाला वगळला तर कुत्रा खाईल का, अशी शंका अनेकांना येते. माणसाच्या जिभेवर सुमारे ९००० रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १७००. त्याला पदार्थ आधी नाकानं कळतो. उकडलेल्या कोंबडीचं पाणी, भाजलेलं रताळं, तव्यावर खरपूस झालेली बाजरी एवढा वास त्याला पुरतो. चवीसाठी आपण जे घालतो त्याची उणीव त्याला भासत नाही, आणि त्याच्यासाठी धोक्याचं असतं तेही बहुधा तेच.

सुरुवात कांद्यापासून करायला हवी, कारण आपल्या घरात त्याच्यापासून सुटका नाही. कांदा, लसूण, पातीचा कांदा, लीक ही सगळी एकाच कुळातली. त्यांच्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींवर आघात करतात. पेशीतलं हिमोग्लोबिन बिघडतं, त्याच्या गुठळ्या पेशीच्या कडेला चिकटतात, आणि शरीर अशा पेशी मोडून टाकू लागतं. परिणाम म्हणजे रक्तक्षय. कांदे खाऊ घातलेल्या कुत्र्यांना असा रक्तक्षय होतो, याची शास्त्रीय नोंद १९३० सालीच झाली होती. तरी हे अजून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेलं नाही, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे लक्षणं उशिरा दिसतात. कांदा पोटात गेल्यावर कुत्रा त्या दिवशी नेहमीसारखाच खेळतो. दोन-चार दिवसांनी तो मलूल होतो, हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद तांबूस होते. तोवर सोमवारची मिसळ कुणाच्या लक्षात राहिलेली नसते.

वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला तर विषबाधा होते, असं पशुवैद्यक मानतात. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हे प्रमाण ५० ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. थोडाथोडा रोज गेला तरी परिणाम साठत जातो. लसूण कांद्याहून तीन ते पाच पट तीव्र धरतात. गोचीड-पिसवा जाव्यात म्हणून कुत्र्याला लसूण चारण्याची सूचना अधूनमधून ऐकू येते. ती मानू नये. गोचिडांवर डॉक्टरकडे नेमकी औषधं असतात, त्यासाठी त्याच्या रक्ताशी खेळायचं कारण नाही.

शिजवल्यानं किंवा वाळवल्यानं कांद्याचं विष जात नाही, आणि वाळल्यावर पाणी उडून ते उलट दाट होतं. म्हणून कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला, नूडल्सच्या पाकिटातली मसाल्याची पुडी, सूपच्या वड्या, तयार चिकन स्टॉक यांतलं काहीही खाऊच्या पिठात पडता कामा नये. ‘फक्त वासापुरतं’ घालण्याचा मोह होतो तो याच वस्तूंचा. तंदुरी कोंबडीचा तुकडा धुऊन दिला तरी मुरलेला मसाला निघत नाही. कोंबडी त्याच्यासाठी वेगळीच उकडावी, नुसत्या पाण्यात.

द्राक्षांची कथा अधिक चमत्कारिक आहे, आणि ती महाराष्ट्राच्या अगदी जवळची आहे. नाशिकची द्राक्षं हंगामात आणि सांगली-तासगावचे बेदाणे बारमाही आपल्या घरात असतात. द्राक्षं किंवा बेदाणे खाल्ल्यावर काही कुत्र्यांची मूत्रपिंडं अचानक निकामी होतात, हे अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी २००१ साली जाहीरपणे मांडलं. कोडं असं होतं, की एक कुत्रा वाटीभर द्राक्षं पचवतो आणि दुसरा मूठभर बेदाण्यांनी मरणाच्या दारात जातो. कीटकनाशक, बुरशी, जड धातू असे अनेक संशयित तपासून झाले. वीस वर्षं उत्तर नव्हतं.

धागा मिळाला तो लहान मुलांच्या खेळण्यातल्या घरगुती पिठाच्या गोळ्यातून. अशा गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर नावाची पूड घालतात. ती खाल्लेल्या कुत्र्याला जो त्रास झाला, तो हुबेहूब द्राक्षांच्या विषबाधेसारखा होता. ही पूड म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार, आणि द्राक्षात हे आम्ल भरपूर असतं. जात, हंगाम आणि पक्वतेनुसार त्याचं प्रमाण बदलतं, त्यामुळे एका कुत्र्याला काही होत नाही आणि दुसऱ्याला होतं, याचाही उलगडा होतो. २०२१ साली ही उपपत्ती मांडली गेली, आणि पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या रुग्णांच्या नोंदींत द्राक्षांशिवाय आणखी एक फळ आलं: चिंच.

मराठी वाचकानं इथं थांबून विचार करावा. चिंच ही टार्टारिक आम्लाची खाण आहे, आणि आपली आमटी सहसा चिंचेशिवाय होत नाही. आमटी-भातावर वाढलेली असंख्य कुत्री आपण पाहिली आहेत. आमटीच्या एका पळीत चिंच किती थोडी असते, हेही खरं. पण द्राक्ष असो की चिंच, ‘इतकी चालेल’ असं खात्रीनं सांगता येईल असा आकडा कुणाकडे नाही. नुकसान होतं ते मूत्रपिंडाचं, आणि गेलेलं मूत्रपिंड परत येत नाही. म्हणून माझं सांगणं सरळ आहे: कुत्र्याला आमटी नको, वरण द्या. कुकरमधून काढलेलं, मीठ-हिंग न घातलेलं साधं तुरीचं वरण दोन चमचे भाकरीवर घातलं तर ती मऊही होते आणि त्याला आवडतेही.

बेदाणा तर लपून येतो. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात, रव्याच्या लाडवावर, दिवाळीच्या चिवड्यात, खिरीत, फ्रूट केकमध्ये. सणाच्या दिवशी घरी आलेली मंडळी दाराशी बसलेल्या कुत्र्याला प्रेमानं लाडू भरवतात. त्यांना अडवणं जड जातं. अशा दिवसांसाठी त्याच्या खाऊचा एक डबा दाराजवळ ठेवून पाहुण्यांच्या हातात त्यातलाच तुकडा द्यावा, म्हणजे कुणाचंच मन मोडत नाही.

गोड पदार्थांतला दुसरा धोका चॉकलेटचा. त्याबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण प्रमाणाचा अंदाज नसतो. कोकोतलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. त्याचं निम्मं प्रमाण ओसरायला सुमारे १७ तास लागतात. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम गेलं की उलट्या-जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो. ४० ते ५०च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडतात, साठीला झटके येऊ शकतात. दहा किलोच्या कुत्र्याला पहिल्या पायरीवर न्यायला दुधाचं चॉकलेट १०० ग्रॅम लागेल, गडद चॉकलेट सुमारे ४० ग्रॅम, आणि कोको पूड जेमतेम १० ग्रॅम. केकसाठी आणलेला कोकोचा डबा उघडा राहणं हे म्हणूनच वडीपेक्षा घातक. चहा-कॉफीची पूड, चहाचा चोथा यांतलं कॅफीन याच कुळातलं.

झायलिटॉलची ओळख मात्र अजून कमी आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. साखरेऐवजी वापरली जाणारी ही गोडी माणसाला निरुपद्रवी. कुत्र्याच्या शरीरात ती जाताच स्वादुपिंड भराभर इन्सुलिन सोडतं आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते. दर किलोमागे ०.१ ग्रॅम एवढं त्यासाठी पुरे. ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृतच निकामी होऊ शकतं. बिनसाखरेचं च्युइंग गम, मधुमेहींसाठीच्या गोळ्या-मिठाया, काही टूथपेस्ट, आणि खाऊच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे काही ‘शुगर फ्री’ पीनट बटर, यांत ते असू शकतं. लेबलवर झायलिटॉल किंवा ९६७ हा क्रमांक दिसला, तर ती बरणी कुत्र्याच्या खाऊसाठी उघडूच नये.

पीनट बटर आणायची मुळात गरज तरी काय? आपल्या घरात शेंगदाण्याचं कूट असतंच. भाजलेले, सोललेले, बिनमिठाचे दाणे मिक्सरमधून जरा जास्त वेळ फिरवले की स्वतःचंच तेल सोडतात आणि मऊ लगदा होतो. गोळी चारायची असो की पिठाला वास द्यायचा असो, एक छोटा चमचा पुरतो. फक्त दाणा बघून घ्यावा. काळपट, सुरकुतलेला, कुबट वासाचा दाणा निवडून टाकावा. चटणीत खपेल म्हणून ठेवलेला असा दाणा कुत्र्याच्या वाट्याला तर मुळीच जाऊ नये.

हे इतकं ठासून सांगण्यामागे इतिहास आहे. १९७४च्या अखेरीस गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत काविळीची विचित्र साथ आली. पोटात पाणी होऊन माणसं दगावू लागली. शंभराहून अधिक जीव गेले. शोध घेतल्यावर कारण सापडलं ते मक्यात. काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला होता, कणसं ओली राहिली, तशीच साठवली गेली आणि त्यांवर बुरशी धरली. त्या बुरशीनं तयार केलेलं अफलाटॉक्सिन हे विष लोकांच्या रोजच्या भाकरीत उतरलं होतं. तपासात आणखी एक गोष्ट नोंदली गेली: माणसं आजारी पडण्याआधी गावांतली कुत्री तशाच काविळीनं आजारी पडू लागली होती. ती त्याच मक्यावर जगत होती. अफलाटॉक्सिनच्या बाबतीत कुत्र्याचं यकृत फार हळवं असतं, आणि घरातल्या भाजण्या-शिजवण्यानं हे विष नष्ट होत नाही.

म्हणून ‘माणसाला नको, कुत्र्याला घाला’ या हिशेबाला मी ठाम विरोध करतो. डब्याच्या तळाशी महिनाभर राहिलेलं, जाळी धरलेलं पीठ, बुरशी आलेला पाव, कुबट शेंगदाणे, खवट खोबरं यांची जागा कचऱ्यात. कोकणात पावसाळ्याचे चार महिने पिठाचा डबा दर आठवड्याला हुंगून पाहावा लागतो, हे तिथल्या घरांना सांगायला नको. खाऊसाठीही तीच शिस्त पाळावी.

कुत्रा हा मांसाहारी प्राणी, त्याला भाकरी कशाला, असा प्रश्न हल्ली शहरांतून ऐकू येतो. त्याला एक छान उत्तर आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्टमय पदार्थ पचवणारं अमायलेझ हे विकर ज्या जनुकातून तयार होतं, त्याच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या वस्तीभोवती धान्याचं उष्टंमाष्टं पडू लागलं, आणि ते पचवू शकणारा प्राणी आपल्यासोबत राहिला. आपल्या गावातला देशी कुत्रा भाकरीवर तगला त्यामागे हजारो वर्षांची ही देवघेव आहे. त्याला मांस हवंच असतं, पण भाकरी त्याला परकी नाही. दुकानातल्या बिस्किटांचा उगमही फार वेगळा नाही. मूळचा अमेरिकन असलेल्या जेम्स स्प्रॅट यानं १८६०च्या सुमारास लंडनमध्ये गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि मांस एकत्र करून कुत्र्यांसाठी पहिली बिस्किटं विकायला आणली.

धान्य मात्र शिजलेलं हवं. कच्चं पीठ त्याला नीट पचत नाही. यीस्ट घालून फुगत ठेवलेली पावाची कणीक तर थेट धोका आहे. ती पोटाच्या उबेत आणखी फुगते आणि आंबताना तयार होणारं अल्कोहोल रक्तात उतरतं. खाऊला यीस्ट, खायचा सोडा, बेकिंग पावडर यांतलं काहीच लागत नाही. तो फुगून हलका व्हावा अशी कुत्र्याची अपेक्षा नसते. ज्वारी, बाजरी, नाचणी यांत ग्लुटेन नाही, त्यामुळे ज्यांच्या कुत्र्याला गहू सोसत नाही त्यांना ही धान्यं हाताशी असणं हे मोठं भाग्य आहे. कुत्र्यांना अन्नाची ॲलर्जी होते तेव्हा बहुतेक वेळा ती गोमांस, दुधाचे पदार्थ, कोंबडी आणि गहू यांची असते. ज्याचे कान सतत खाजतात, जो पंजे चाटत बसतो, त्याच्या खाऊत आधी या चारांकडे पाहावं.

भाज्यांत लाल भोपळा सर्वांत सोयीचा. उकडला की लोण्यासारखा मऊ होतो, पिठाला बांधतो, आणि १०० ग्रॅमला पंचवीसेक कॅलरीच देतो. पोट बिघडलेलं असो की मलावरोध असो, त्याचा चोथा दोन्हीकडे उपयोगी पडतो. रताळं गोड आणि जड, म्हणून थोडं. गाजर आणि काकडी कच्चीच, बोटभर कापून, उन्हाळ्यात फ्रीजमधून काढून दिली तर त्याच्यासारखा खेळ नाही. दुधीचा तुकडा आधी स्वतः चाखावा, कडू लागला तर अख्खा फेकावा. हिरवट किंवा मोड आलेला बटाटा नको. फळांत पपई, कलिंगड, केळं, सफरचंद, पेरू थोड्या फोडींपुरतं ठीक, बिया काढून. आंब्याचा गरही चालेल, पण कोय त्याच्या तोंडी लागू देऊ नये. कोय आणि दाणे काढलेलं मक्याचं कणीस या दोन वस्तू आतड्यात अडकतात, आणि मग शस्त्रक्रियेशिवाय मार्ग राहत नाही. पावसाळ्यात घाटात फिरायला जाणाऱ्यांनी रस्त्याकडेच्या कणसांबाबत हे ध्यानात ठेवावं.

मांसाहारी घरात खाऊ करणं फार सोपं. उकडलेल्या कोंबडीचे धागे, अंड्याचा पूर्ण शिजलेला बलक आणि पांढरं, मटणाची चरबी काढलेली बोटी. कलेजी कुत्र्यांना अतिशय प्रिय, आणि प्रशिक्षणात तिच्याइतकं काम दुसरं काही करत नाही. पण तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं दाट असतं की रोज खाल्ल्यास ते शरीरात साठून हाडांना अपाय करतं. आठवड्यातून एक-दोनदा, नखाएवढे तुकडे, एवढ्यावर थांबावं. शिजवलेलं हाड कधीही देऊ नये. शिजल्यावर ते ठिसूळ होतं आणि चावताच धारदार कपच्या निघतात. कोंबडीचं तर नकोच, मटणाच्या नळीचंही नको.

सुक्या मासळीचा वास म्हणजे कुत्र्यासाठी आमंत्रण. वसई-उत्तनपासून रायगड-रत्नागिरीपर्यंत किनाऱ्यावर बोंबील, सोडे, जवळा उन्हात वाळतात, आणि त्यांतला चिमूटभर जवळा पिठात कुटून घातला तर खाऊची गोडी कितीतरी वाढते. विकत घेताना कोळीणबाईंना विचारून मीठ न लावलेला माल घ्यावा. खारवलेला बांगडा किंवा सुरमई त्याच्यासाठी नाही. घरी आणल्यावर जवळा पाण्यात दोनदा धुवावा, म्हणजे रेती आणि उरलंसुरलं मीठ जातं, मग तव्यावर कोरडा भाजून पूड करावी. बोंबलाचा मधला काटा काढून टाकावा.

दुधाबद्दल घरोघरी मतभेद असतात. मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. दह्यात ती कमी असते, पनीरमध्ये आणखी कमी. चमचाभर ताजं, गोडसर दही किंवा बिनमिठाचं पनीर पुरे. तुपाचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. कुत्र्यानं भाकरी पळवली, तेव्हा ती त्यानं कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन मागे धावणारे नामदेव महाराज आपल्याला लहानपणीच गोष्टीतून भेटतात. त्या गोष्टीनं कुत्र्याकडे पाहण्याची जी नजर दिली, ती अनमोल आहे. तिच्या बळावरच सांगतो, की आज घरात बसून असणाऱ्या, आधीच अंगानं भरलेल्या कुत्र्याला तूप, तळण, साय, मटणावरची चरबी एकदम पोटभर मिळाली तर त्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. उलट्या होतात, पोट असह्य दुखतं, पाठ वाकवून तो कोपऱ्यात बसतो. दिवाळी-होळीनंतर हे घडायला एक ताट पुरतं. खाऊत तेल-तूप लागतं ते तव्याला पुसण्याएवढंच.

जायफळाचा उल्लेख राहू नये. पुरणात, श्रीखंडात ते असतं आणि जास्त प्रमाणात गेलं तर कुत्र्याला भ्रम होतो, ठोके वाढतात. गूळ-साखर विषारी नाही, पण तिचं काही कामही नाही.

आता किती द्यावं. दिवसभराच्या उष्मांकांपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा, हा पशुवैद्यकांचा सर्वमान्य नियम. १८ किलोच्या, नसबंदी झालेल्या देशी कुत्र्याला दिवसाला साधारण १००० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊ १०० कॅलरींचा. ३० किलोच्या लॅब्राडोरला १४०. पाच किलोच्या पॉमेरेनियनला अवघ्या ३७. ग्लुकोजचं एक बिस्किट वीसेक कॅलरींचं असतं. सकाळच्या चहाला आजोबांच्या हातून दोन बिस्किटं मिळाली, की त्या पॉमेरेनियनचा दिवसाचा कोटा संपला. त्याच्या जागी गाजराचे तुकडे दिले तर ९० ग्रॅम देता येतात. १८ किलोच्या कुत्र्याचे १०० कॅलरी सुक्या खोबऱ्याच्या १५ ग्रॅममध्ये संपतात, उकडलेल्या रताळ्याच्या मात्र सव्वाशे ग्रॅममध्ये. कुत्रा तुकड्याचा आकार मोजत नाही, त्याला तो किती वेळा मिळाला हे महत्त्वाचं असतं. म्हणून खाऊ नेहमी लहान कापावा.

एक साधी रीत सांगतो, कोणत्याही घरात जमेल अशी. एक वाटी बाजरीचं किंवा ज्वारीचं ताजं पीठ, अर्धी वाटी वाफवलेला लाल भोपळा आणि एक अंडं एकत्र मळावं. पाणी सहसा लागत नाही. मीठ घालायला हात जाईल, तो आवरावा. अंडं नको असेल तर दोन चमचे दही किंवा घट्ट वरण. गोळा ओला वाटला तर थोडं पीठ आणखी. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये पाव सेंटिमीटर जाड लाटावं, सुरीनं लहान चौकोन पाडावेत आणि तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी कोरडे होईपर्यंत भाजावेत. ओव्हन असेल तर १६० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं, आणि बंद केल्यावर तासभर आतच राहू द्यावेत. एवढ्या पिठाचे शंभरेक तुकडे होतात, प्रत्येकी पाचेक कॅलरींचे. भोपळ्याचा ओलावा आत राहिला तर तिसऱ्या दिवशी बुरशी येते, म्हणून तुकडा मोडून पाहावा. कडक, खुटकन मोडणारा तुकडा घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर टिकतो. पावसाळ्यात फ्रीजमध्येच ठेवावा. कोंबडी किंवा कलेजी घातलेला खाऊ फ्रीजमध्ये तीन दिवस, त्यापुढे फ्रीझरमध्ये. मांस नुसतं उन्हात वाळवून देण्याचा प्रयोग विदर्भातल्या उन्हाळ्यातही करू नये. जंतू मारण्याइतकं ते ऊन मांसाला आतून तापवत नाही. आधी पूर्ण शिजवावं, मग वाळवावं.

नवा जिन्नस एकावेळी एकच द्यावा आणि दोन-तीन दिवस शी, त्वचा, कान यांवर लक्ष ठेवावं. मूत्रपिंडाचा, यकृताचा, मधुमेहाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला वर सांगितलेलं सगळंच चालेल असं नाही. त्याचा खाऊ डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं पोट हळवं असतं, त्याला उकडलेल्या कोंबडीचे धागे आणि भोपळा एवढंच सुरुवातीला बरं.

आणि नको ते पोटात गेलंच, तर लक्षणांची वाट पाहत बसू नये. कांद्याची लक्षणं काही दिवसांनी दिसतात, द्राक्षांची एक ते तीन दिवसांत, झायलिटॉलची अर्ध्या तासात, आणि उपचाराचा खरा उपयोग होतो तो पहिल्या दोन तासांत. मिठाचं पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय अजिबात करू नये, त्या मिठानंच रक्तातलं सोडियम चढून कुत्रा दगावू शकतो. डॉक्टरांना फोन करून चार गोष्टी सांगाव्यात: काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता, आणि कुत्र्याचं वजन किती. पाकीट, बरणी, उरलेला तुकडा जे असेल ते सोबत घेऊन निघावं. वजन माहीत नसेल तर आज संध्याकाळीच त्याला उचलून काट्यावर उभं राहावं, मग एकट्यानं उभं राहावं, वजाबाकी करावी आणि तो आकडा डॉक्टरांच्या नंबराशेजारी फ्रीजच्या दारावर लिहून ठेवावा.